खालच्या रांगेतला फोटो

शिवाजीनगर कोर्टासमोरच्या त्या बारमध्ये मी भर दुपारी शिरले ती प्यायला नव्हे, लपायला.

सरकारी वकीलबाईंनी सांगितलं होतं, "काकू, जेवून या. लंचनंतर तुमचीच साक्ष." मी बाहेर आले तर फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर ती पोरं उभी होती. त्यातल्या एकाने माझ्या नवऱ्याला मारलं. जामिनावर आहे. बाकीचे दोघं त्याच्या सोबतीला. मला पाहून त्याने कप खाली ठेवला, हात जोडले आणि अगदी आदबीने विचारलं, "काकू, जेवण झालं का?"

मी वळले आणि समोर जे पहिलं दार दिसलं त्यात घुसले. आत गेल्यावर कळलं की हा बार आहे. एकसष्टावं वर्ष, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम. वेटरने मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, फॅमिली सेक्शन वर आहे, पण सध्या बंद आहे. काम चालू आहे."

माझी फॅमिली आता एवढीच, खाली मावेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बोलले नाही. हल्ली बोलतच नाही. नारायण पेठेत चाळीस वर्षं संसार केलेल्या, कॉलेजच्या लायब्ररीत पोरांना नजरेने गप्प बसवलेल्या बाईची जीभ गेल्या तीन वर्षांत टाळूला चिकटून बसली आहे. दूधवाला पाणी घालतो, मी गप्प. रांगेत कोणी पुढे घुसतो, मी गप्प. कारण बोलल्याने काय होतं ते मी पाहिलं आहे.

सगळी टेबलं काळ्या कोटांनी भरलेली होती. कोपऱ्यात पांढरं धोतर, सदरा, टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. समोर क्वार्टर आणि उकडलेल्या शेंगा. मी विचारलं, "इथे बसू का?"

"बसा की ताई. खुर्ची काय माजी हाय व्हय," ते म्हणाले आणि शेंगांची ताटली माझ्या बाजूला सरकवली.

मी लिंबू सोडा मागवला. दाराकडे पाठ करून बसले, मग उठून दाराकडे तोंड करून बसले. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं. "कोन मागं लागलंय का?" त्यांनी विचारलं. आवाजात कुतूहल नव्हतं, पाऊस येणारेय का असं विचारावं तसं विचारलं.

आता मी अनोळखी माणसाला घरचं सांगणारी बाई नव्हे. पण अनोळखी माणसाला सांगायला एक बरं असतं, तो उद्या भाजी घेताना भेटत नाही. मी सांगून टाकलं.

माझ्या नवऱ्याचं नाव श्रीपाद, पण जग त्याला बाळ म्हणे. चौसष्टाव्या वर्षीही बाळच. आम्ही मंडईतून भाजी घेऊन स्कूटरवर घरी येत होतो. मी मागे, मांडीवर पिशवी. आमच्या गल्लीत एकेरी वाहतूक आहे आणि ती आहे हे जगाला समजावणं बाळने स्वतःचं अवतारकार्य मानलं होतं. समोरून एक पोरगा उलट्या बाजूने मोटारसायकल घेऊन आला. बाळने स्कूटर आडवी घातली आणि त्याला काहीतरी सुनावलं. पोरगा हसला, पुढे गेला. मग वळून परत आला. आमच्या स्कूटरच्या हुकाला बाळचं हेल्मेट लटकत होतं. हेल्मेटसक्तीला बाळचा तत्त्वतः विरोध होता, त्यामुळे पोलीस दिसला तरच ते डोक्यावर जाई. पोरग्याने ते उचललं आणि त्यानेच बाळला मारलं. बाळ पडला तरी मारत राहिला. दुकानदारांनी शटरं ओढली. ते हेल्मेट आता कोर्टात मुद्देमाल म्हणून जमा आहे. डोक्यावर असतं तर बाळ वाचला असता असं डॉक्टर म्हणाले. त्या डॉक्टरांना मी अजून माफ केलेलं नाही.

"तुमी सोता बघितलं," म्हातारे म्हणाले.

"हाताच्या अंतरावरून."

"आन् आज वळखायचंय त्याला."

"आज सांगायचं आहे की संध्याकाळची वेळ होती, मला नीट दिसलं नाही," मी म्हणाले. "ठरलंय माझं."

ठरलं होतंच. माझी मुलगी अपूर्वा हैदराबादला असते. ती फोनवर रडून सांगते, "आई, बाबा परत येणारेत का? मग सोड ना. तू एकटी राहतेस." तिचंही खरं आहे. मागच्या महिन्यात त्या तिघांपैकी एकाने आमची बेल वाजवून पाणी मागितलं. मी दिलं. प्यायला, दोन्ही हातांनी भांडं परत दिलं आणि म्हणाला, "काकू, एकट्याच असता ना? कडी नीट लावत जा." तेव्हापासून मी रात्री उठून कडी बघते. दिवसासुद्धा बघते. मला भीती वाटते, आणि ती वाटते याची लाजही वाटते, आणि दोन्हींचा आता कंटाळा आला आहे.

म्हाताऱ्यांनी एक शेंग सोलली. मग म्हणाले, "म्यापन हितंच दिलती साक्ष. ह्याच कोर्टात."

त्यांचं नाव दत्तोबा. वाघोलीचे. गावातली जमीन गेली, तिथे सोसायट्या झाल्या; त्यांचा थोरला तुषार त्या बांधकामांना मुरूम पुरवायचा. ठेका कोणाचा यावरून गावातल्याच एका पोराशी वाजलं. दोघं एका ताटात जेवलेले. एका सकाळी दूध घालून परत येताना तुषारला त्याने डेअरीसमोर कोयत्याने तोडला. दत्तोबा ओट्यावर दात घासत होते. तिथून सगळं दिसलं.

त्या पोराचं नाव दत्तोबांनी घेतलं नाही. आमच्या टेबलाभोवती सगळे वकीलच होते, पण गावात ते नाव घ्यायची सवयच मोडली असावी.

"मंग आमच्या पोरांनी फ्लेक्स लावला," ते म्हणाले. "भावपूर्ण श्रद्धांजली. तुमी बगितलं असंल, कुटं कोन मेलं की घंट्याभरात लागतोय."

बघितले आहेत. पुण्यात चौकात सिग्नल दिसत नाही, फ्लेक्स दिसतो. वाढदिवसाचा, निवडीचा, दहाव्याचा. वर मोठा चेहरा, खाली रांगेने छोटे चेहरे.

"तुषारचा वाढदिस म्हैन्याआधीच झालता. फ्लेक्सवाल्याकडं त्योच तयार व्हता. त्यानं वरचं केक काडलं, दिवा घातला. 'शुभेच्छुक' काडलं, 'शोकाकुल' घातलं. खालची रांग हाय तशीच ठिवली." दत्तोबांनी बोटाने टेबलावर रांग दाखवली. "त्या रांगंत त्यो. हात जोडून. ज्यानं मारलं त्योच शोकाकुल."

"आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"आमी ससून दवाखान्यात व्हतो, मंग मसनात. मान वर करून फ्लेक्स कोन बगतंय? पोलीस त्याला हुडकत व्हते आन् त्यो आमच्या दारावर हात जोडून हुबा. दहाव्यापत्तूर हुबा व्हता."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची किळस आली. दत्तोबांना राग आला नाही. त्यांनाही कधीतरी ते हसू येऊन गेलं असावं.

पुढचं त्यांनी पटापट सांगितलं. खटला उभा राहिला. साक्षीच्या आदल्या आठवड्यात त्या पोराचा चुलता घरी आला, चहा प्यायला आणि जाताना धाकट्या सार्थकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पोराला जपा. दुसऱ्या बाजूच्या वकिलाने कोर्टात त्या फ्लेक्सचा फोटो पुढे केला. म्हणाला, बाबा, हा तुमच्याच दारावरचा ना? आपल्या पोराच्या खुन्याचा फोटो कोणी श्रद्धांजलीत लावील का?

"म्या म्हनू शकलो असतो की फ्लेक्सवाल्याची चूक हाय. एवडंच म्हनायचं व्हतं." दत्तोबा ग्लासकडे बघत होते. "म्या म्हनलं, न्हाई लावनार साहेब. त्यो आमच्या तुषारचा दोस्तच व्हता. मारनारा पाटमोरा व्हता, मला दिसला न्हाई. सुटला त्यो."

हेच तर मला ऐकायचं होतं. माझ्यासारखाच एक माणूस, त्याने तेच केलं आणि अजून जिवंत आहे, शेंगा खातो आहे. मी विचारलं, "मग नंतर? भीती गेली?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवाज एवढा मोठा ठेवलेला की मलाही ऐकू आलं. "आबा, कुठंय तुम्ही? सगळे थांबलेत. दादा विचारतायत. हार घालायचाय ना तुम्हाला."

"येतो येतो. बशीत हाय," दत्तोबा म्हणाले आणि फोन ठेवला. मला म्हणाले, "सार्थक. आज तुषारला जाऊन वरीस झालं आनखी एक. गावात कारेक्रम हाय. रक्तदान, जेवनं."

"दादा कोण?"

त्यांनी फोनवर एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला. वाघोलीच्या कमानीवर लावलेला भलामोठा फ्लेक्स. वर गॉगल घातलेला तुषार, अजून तोच वाढदिवसाचा फोटो. आणि आता बाजूला जवळजवळ तेवढाच मोठा दुसरा एक चेहरा, पांढरे कपडे, जोडलेले हात. आयोजक.

"दर साली आता त्योच लावतो," दत्तोबा म्हणाले. "पैल्या साली हार घिऊन घरी आला. माज्या पाया पडला. म्हनला, तुषारच्या जागी मला समजा. मुक्ताबाईनं, आमच्या मंडळीनं, च्या टाकला त्याला. काय करनार? टाकला."

त्यांनी बोट फोटोच्या खालच्या रांगेवर नेलं. तिथे एक कोवळा पोरगा होता, दाढी राखलेला, त्याच ढंगात हात जोडून उभा. "ह्यो सार्थक. त्याच्या गाडीत असतोय आता. येवडं केलं ते ह्याच्यासाठी केलं, आन् ह्यो त्याच्या रांगंत जाऊन हुबा राह्यला."

"त्याला माहीत नाही?"

"समदं म्हाईत हाय. तिकडं हुबा राह्यला तर आपल्याला कोन मारनार न्हाई, असं म्हनतो. भितोय त्यो. म्या भितो, त्यो भितो, मुक्ताबाई भिती. भीती कुटं जाती ताई? पयले दाराभाईर हुबी व्हती, आता जेवायला बसती. म्हनून म्या ह्या दिशी शिटीत येतो. फ्लेक्सखाली हुबं राहून हार घालवत न्हाई."

मला राग आला. त्या पोराचा आला, फ्लेक्सवाल्याचा आला, आणि खरं सांगायचं तर दत्तोबांचाही आला. मी विचारलं, "मग पुन्हा वेळ आली तर खरं सांगाल?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "सार्थक जिता हाय. तुमाला खोटं कशाला सांगू? तेच केलं असतं."

घ्या. माणसाने निदान पश्चात्ताप तरी नीट करावा. मला त्यांच्याकडून एक तर 'खरं बोला' हवं होतं, नाहीतर 'खोटं बोला'. त्यांनी दोन्ही दिलं नाही. घड्याळात वेळ झाली होती. मी सोडा तसाच टाकून उठले. दत्तोबाही उठले, टोपी नीट केली. "चला, फाटकापत्तूर येतो. मला तरी कुटं जायचंय?"

फाटकात ती पोरं होतीच. म्हाताऱ्याला बघून बाजूला झाली. दत्तोबा फाटकाशी थांबले नाहीत. कोर्टाची वाट त्यांना माझ्याहून चांगली माहीत होती. ते माझ्यामागून आत आले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

शपथ घेतली. नाव, वय, राहणार. वकीलबाईंनी त्या संध्याकाळचं विचारलं, मी सांगितलं. मंडई, पिशवी, गल्ली. पिंजऱ्याची कड मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग त्या म्हणाल्या, "ज्याने मारलं, तो माणूस आज या कोर्टात आहे का?"

वाक्य तयार होतं. संध्याकाळची वेळ होती. अपूर्वाला फोन करून सांगायचंही ठरलं होतं, की झालं गं, सुटले.

मी मागे पाहिलं. तो भिंतीशी उभा होता. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, न्यायाधीशांसमोर आदबीने हात जोडलेले. आणि मला तो फोटो दिसला, खालच्या रांगेतला. आज मी नाही म्हणाले तर हा सुटेल. आणि मग एके दिवशी हार घेऊन येईल. बाळच्या फोटोला घालेल, माझ्या पाया पडेल, काकू म्हणेल. आणि मी चहा टाकीन. साखर किती, असं विचारीनसुद्धा.

धीर वगैरे काही आला नाही. भीती होती तेवढीच होती. पण तो चहा मला करायचा नव्हता.

"आहे," मी म्हणाले आणि बोट केलं. "तो. पांढरा शर्ट. हात जोडलेत तो."

त्याने हात खाली घेतले.

मग त्याचे वकील उठले. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारून म्हणाले, "तुमचे मिस्टर माझ्या अशिलाला काहीतरी टोचून बोलले, बरोबर?"

"बरोबर."

"काय बोलले?"

हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं, अपूर्वालाही नाही. लोक म्हणतील बाळनेच ओढवून घेतलं, म्हणून तीन वर्षं गिळून बसले होते. पण वाक्य लख्ख आठवत होतं, बाळच्या आवाजासकट.

"ते म्हणाले, आपल्या तीर्थरूपांनी हा रस्ता आपल्याला आंदण दिला असला, तरी गाडी डावीकडूनच चालवायची असते."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंनी मान खाली घातली. टाइप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. "आंदण?" तिने विचारलं.

"आंदण," मी म्हणाले. "बाणातला ण. लग्नात देतात ते. आणि 'डावीकडूनच'मधला 'च' विसरू नका, त्यांना आवडणार नाही."

आणि मग मला रडू आलं. सगळ्यांसमोर, पदर तोंडाशी धरायचंही सुचलं नाही. बाळ या जगात बोललेलं ते शेवटचं वाक्य होतं, आणि ते आता सरकारी कागदावर चढलं होतं. एवढ्यावरून माणूस मारतात, मला म्हणायचं होतं, पण तसं कोणी विचारलं नाही.

साक्ष संपली. बाहेर व्हरांड्यात बाकावर दत्तोबा माझ्या शेजारी येऊन बसले. ती पोरं समोरून गेली. एकजण माझ्यासमोर येऊन थांबला, पाणी मागणारा. नुसता बघत राहिला.

"बाळा, उजेड अडतोय," मी म्हणाले. "बघून झालं असेल तर सरक."

तो गेला. मी दोन्ही हात शबनमच्या खाली लपवले. दत्तोबांनी ते पाहिलं. म्हणाले, "ताई, माजा हात वरच गेला न्हवता. तुमचा कसा गेला?"

"मलाही ठाऊक नाही," मी म्हणाले. "तुमच्या त्या चहामुळे गेला."

त्यांना कळलं. ते टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा तोच मोठा आवाज. "आबा, किती वेळ? आम्ही गाडी घेऊन निघतोय तुम्हाला आणायला. कुठल्या बसमध्ये आहात?"

दत्तोबांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "बशीत न्हाई. कोर्टात हाय."

फोनवर सार्थकच्या मागून कोणाचा तरी आवाज आला, काय म्हणतायत रे आबा? सार्थकने त्याला उत्तर दिलं नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, मग पावलांचा, मग रस्त्याचा. आता तो अगदी हळू बोलत होता. "कोर्टात कशाला आबा?"

"बसलोय नुसता. एका ताईंची साक्ष व्हती. त्यांनी वळखलं त्याला. बोट करून." दत्तोबांचा आवाज फाटला. "म्या बगितलं सार्थका. तसं करता येतं."

मग तो पोरगा म्हणाला, "तिथंच थांबा आबा. मी येतो. एकटाच येतो."

दत्तोबांनी फोन बंद केला आणि किती तरी वेळ तो हातातच धरून ठेवला. वाघोलीहून यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये तास तरी मोडणार. मला घरी जाऊन कडी लावायची घाई होती, अंधार पडायच्या आत पोचायचं होतं. पण त्यांना एकटं ठेवून उठवेना. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, आधी त्यांना दिली, आणि आम्ही दोघं फाटकाकडे बघत बसलो.